इतिहासाचा तास कोणाकडे? माध्यमिक शिक्षकाची पदवी आणि त्याचा विषय यांची दीडशे वर्षांची कथा

१/
दहावीचे 'इतिहास व राज्यशास्त्र' हे बालभारतीचे नवे पाठ्यपुस्तक २०१८ साली आले. त्यातला पहिला पाठ शिवकालाचा नाही, स्वातंत्र्यलढ्याचाही नाही. त्याचे नाव 'इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा'. हिरोडोटस, देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, ॲनल्स प्रणाली आणि शेवटी मायकेल फुको, ही सारी मंडळी जून महिन्यात पंधरा वर्षांच्या मुलांपुढे उभी राहिली.

२/
एम.ए.ला ज्या विषयासाठी स्वतंत्र अभ्यासपत्रिका असते, तो विषय येथे काही पानांत सांगितलेला आहे. अशा पानांतील एकेक ओळ उलगडायची तर ती उलगडणाऱ्याने रांके आणि फुको यांना आधी कोठेतरी भेटलेले असावे लागते. प्रत्यक्षात हा पाठ शिकवणाऱ्यांत मराठीचे, अर्थशास्त्राचे, राज्यशास्त्राचे पदवीधर होते. नियमाने पाहिले तर त्यात काहीही चुकीचे नव्हते. हे 'चुकीचे नसणे' कसे घडत गेले, याचा हा धागा. 🧵

३/
आरंभ मुंबई विद्यापीठापासून करावा लागतो. विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्याचे पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले, ते अवघे चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळा मंगेश वागळे. संपूर्ण इलाख्यात पदवीधर एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते. अशा काळात पदवीधराला 'कोणत्या विषयाचा?' असे विचारणे म्हणजे दुष्काळात धान्याची जात विचारण्यासारखे होते.

४/
या चौघांचेच पाहा. भांडारकर सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथील सरकारी हायस्कुलांचे मुख्याध्यापक झाले. पुढे संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि १८८४ साली दख्खनच्या प्राचीन इतिहासावर पायाभूत ग्रंथ लिहून गेले. रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, न्यायखात्यात गेले, अर्थशास्त्रावर लिहू लागले आणि १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विषयांच्या भिंती या पिढीला अडवत नव्हत्या. 'पदवीधर' हीच त्या काळची सर्वांत मोठी विशेष पात्रता होती.

५/
दुसरे कारण भाषेचे. हायस्कूल म्हणजे इंग्रजी शाळा. तिचे अंतिम ध्येय मॅट्रिकची परीक्षा आणि त्या परीक्षेची किल्ली इंग्रजी. इतिहास आणि भूगोल यांची उत्तरेही इंग्रजीतच लिहायची असत. साहजिकच ज्याचे इंग्रजी पक्के, तो इतिहास शिकवण्यास लायक, असे समीकरण तयार झाले. इतिहासाचा तास हा पुष्कळदा इंग्रजीच्या तासाचाच विस्तार असे: परिच्छेद वाचणे, शब्दार्थ सांगणे, सनावळी पाठ करून घेणे.

६/
तिसरे कारण पैशाचे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात खासगी शाळांसाठी 'निकालाप्रमाणे अनुदान' ही पद्धत सुरू झाली. किती मुले परीक्षेत उत्तीर्ण झाली, यावर शाळेला मिळणारी रक्कम ठरे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मागे पडली, पण तिने लावलेली सवय टिकली. शिक्षकाला विषयाचे ज्ञान किती, यापेक्षा त्याचा 'निकाल' किती, हा प्रश्न आजही शिक्षकांच्या बैठकीत पहिला विचारला जातो.

७/
आता पुण्यात येऊ. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, गणित घेऊन बी.ए. झालेले आणि नंतर कायद्याची पदवी घेतलेले बाळ गंगाधर टिळक, संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे आणि एम.ए. करून थोड्या उशिराने आलेले गोपाळ गणेश आगरकर. अशा तोलाचा शिक्षकवर्ग महाराष्ट्रातील फार थोड्या शाळांना लाभला. टिळकांनी तेथे गणित शिकवले आणि संस्कृतही शिकवले.

८/
या परंपरेचे सर्वांत बोलके उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले. १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले आणि १८८५ मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले. अंकगणितावरील त्यांचे पाठ्यपुस्तक पुढे दूरवर पोहोचले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, इतिहास शिकवला आणि अर्थशास्त्रही शिकवले. यावरून त्यांना एक थट्टेचे बिरुद मिळाले: 'प्रोफेसर टू ऑर्डर'. मागणी कराल त्या विषयाचा प्राध्यापक!

९/
या बिरुदात कौतुक आहे आणि अडचणही आहे. संस्था गरीब, माणसे मोजकी, विषय अनेक. एक जण गेला की त्याचा तास दुसऱ्याने उचलायचा. गोखले तो उचलू शकत, कारण प्रत्येक नव्या विषयासाठी ते रात्री जागवून तयारी करणाऱ्यांपैकी होते. १९०२ मध्ये अध्यापन सोडून ते पूर्णवेळ सार्वजनिक जीवनात गेले, तेव्हा अर्थसंकल्पावरील त्यांच्या भाषणांत गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र हे तिन्ही विषय एकत्र नांदताना दिसले.

१०/
पण हा आपद्धर्म होता. असाधारण माणसांनी अडचणीच्या काळात पाळलेला. पुढच्या शतकात झाले असे की आपद्धर्मच नित्यधर्म बनला. 'गोखल्यांनी नाही का चार विषय शिकवले?' या प्रश्नाखाली गोखल्यांची तयारी झाकली गेली आणि चार विषय तेवढे उरले.

११/
शिक्षकाला शिकवण्याचे शिक्षण हवे, हे मात्र तोवर सरकारदरबारी उमगू लागले होते. १८८२ च्या हंटर आयोगाने शिफारस केली की अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापन यांची परीक्षा सुरू करावी आणि सरकारी वा अनुदानित माध्यमिक शाळेत कायम नेमणूक हवी असल्यास ती उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवावे. त्या वेळी माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षणाची सोय साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मद्रास आणि लाहोर या दोनच ठिकाणी होती. मुंबईत नव्हती.

१२/
मुंबईला ती मिळायला चोवीस वर्षे लागली. कर्झनच्या काळातील १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने प्रशिक्षित शिक्षकांवर भर दिला आणि १९०६ साली मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले. पुढे बी.टी. आणि त्यानंतर बी.एड. या पदव्या रूढ झाल्या. 'बी.ए., बी.टी.' ही अक्षरे शाळेच्या पाटीवर मानाने झळकू लागली.

१३/
येथे एक सूक्ष्म गोष्ट घडली. प्रशिक्षण महाविद्यालयाने 'कसे शिकवावे' याची जबाबदारी घेतली. 'काय शिकवावे' याचे ज्ञान विद्यार्थ्याने पदवीच्या वर्गातून आणलेलेच आहे, असे गृहीत धरले. पण पदवी कोणत्या विषयाची आणि शाळेत तास कोणत्या विषयाचा, हे पडताळून पाहण्याचे काम या दोन्ही घरांपैकी कोणाकडेच राहिले नाही. विद्यापीठाला वाटले ते शाळा पाहील; शाळेला वाटले प्रमाणपत्र आहे, म्हणजे पाहिलेले असणार.

१४/
स्वातंत्र्यानंतर शिक्षणाचा पसारा वाढला. त्याआधीच कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४० साली साताऱ्यात आपले पहिले हायस्कूल काढले होते. नंतरच्या दशकांत तालुक्याच्या गावी आणि मग मोठ्या खेड्यांत हायस्कुले उघडली. शेतकऱ्याचा मुलगा, शेतमजुराची मुलगी आठवीत पोहोचली, हे या काळाचे मोठे यश. मात्र गावात यायला तयार असलेला पदवीधर ज्या विषयाचा मिळे, तो घ्यावा लागे. शाळा बंद ठेवण्यापेक्षा इतिहासाच्या वर्गात मराठीचा पदवीधर उभा करणे केव्हाही बरे, हा निर्णय त्या घडीला योग्यच होता.

१५/
याच सुमारास विषयांची मांडणीही बदलली. १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने, म्हणजे माध्यमिक शिक्षण आयोगाने, 'सामाजिक अभ्यास' आणि 'सामान्य विज्ञान' या एकत्रित विषयांना गाभ्याचे स्थान दिले. मागचा विचार चांगला होता: मुलाला समाज तुकड्यातुकड्यांनी कळू नये, सलग कळावा. महाराष्ट्रात इतिहास आणि भूगोल यांची पुस्तके वेगळीच राहिली. परंतु शिक्षकाचा हिशोब करताना 'सामाजिक शास्त्रे' असा एकच कप्पा तयार झाला.

१६/
त्या कप्प्यात इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे सगळे मावते. अर्थशास्त्राचा बी.ए. ताम्रपट आणि बखर यांतील फरक सांगू लागतो, इतिहासाचा बी.ए. समोच्च रेषा आणि मान्सूनचे वारे समजावू लागतो. दोघेही कागदोपत्री आपल्याच विषयात असतात. विज्ञानाच्या बाजूलाही हेच आहे. रसायन, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली व्यक्ती 'गणित-विज्ञान' या जागेवर येते आणि बारावीनंतर ज्या भूमितीशी संबंध उरलेला नव्हता, तिची प्रमेये फळ्यावर सिद्ध करते.

१७/
हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. १९६४ ते ६६ या काळातील कोठारी आयोगाने जवळपास थेट लिहिले: माध्यमिक शिक्षकाने सामान्यतः तेच विषय शिकवावेत, ज्यांचा अभ्यास त्याने विद्यापीठाच्या पदवीसाठी केला आहे. दुसरा विषय शिकवणे भागच पडले, तर पत्रद्वारा शिक्षण किंवा सुटीतील अभ्यासवर्ग यांतून त्या विषयाचे ज्ञान त्याने मिळवावे. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षण जवळून पाहिलेला हा माणूस. खेड्यातल्या शाळेचे वेळापत्रक कसे भरते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

१८/
याच आयोगाने दहा वर्षांच्या सामान्य शिक्षणात गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे करण्याची शिफारस केली. १९७० च्या दशकात महाराष्ट्राने अकरावीची जुनी मॅट्रिक सोडून दहावीचा नवा आकृतिबंध स्वीकारला आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची गरज एकदम वाढली. नेमणुकीतला आग्रह त्या बाजूला वळला. वर्तमानपत्रातील 'शिक्षक पाहिजेत' या जाहिराती आठवा: इंग्रजी, गणित, विज्ञान हे विषय ठळक, इतिहास सहसा दुसऱ्या विषयाच्या शेपटाला स्वल्पविराम देऊन जोडलेला.

१९/
मग कायदा आला. महाराष्ट्रातील खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ चा, त्याची नियमावली १९८१ ची. संस्थाचालकांच्या मर्जीवर जगणाऱ्या शिक्षकाला या कायद्याने नोकरीची शाश्वती दिली, हे त्याचे मोठे उपकार. पण सेवाज्येष्ठतेच्या याद्या लावताना त्याने पाहिले ते दोन गोष्टींकडे: पदवीची पातळी आणि प्रशिक्षण. एम.ए., बी.एड. आणि बी.ए., बी.एड. हे दोन्ही एकाच गटात. विषयाचा रकाना या उतरंडीत नाही. ज्या गोष्टीवर बढती ठरत नाही, त्या गोष्टीकडे व्यवस्था हळूहळू पाहीनाशी होते.

२०/
आता एक साधा हिशोब करून पाहू. गावातल्या शाळेत आठवी, नववी आणि दहावी अशी प्रत्येकी एक तुकडी आहे. इतिहास व राज्यशास्त्र यांना आठवड्याला तीन तासिका धरल्या, तर तीन वर्गांच्या मिळून नऊ झाल्या. पूर्णवेळ शिक्षकाचा आठवड्याचा भार तीस तासिका धरला, तर उरलेल्या एकवीस तासिका त्याने कशाच्या घ्यायच्या? भूगोलाच्या नऊ घेतल्या, अठरा झाल्या. उरलेल्या बारा मराठीच्या किंवा हिंदीच्या. म्हणजे या शाळेत केवळ इतिहासाचा शिक्षक ही व्यक्ती गणिताच्या नियमानेच अस्तित्वात येऊ शकत नाही.

२१/
शिक्षकांची पदे ठरतात ती पटसंख्येवरून, 'संचमान्यता' नावाच्या वार्षिक हिशोबात. पट घटला की पद कमी होते आणि कोणीतरी 'अतिरिक्त' ठरून दुसऱ्या शाळेत समायोजित होते. मागे राहिलेल्यांत त्या विषयाचे तास वाटले जातात. मुख्याध्यापक वेळापत्रकाचा मोठा कागद पसरून बसतात, आधी इंग्रजी आणि गणिताच्या चौकटी भरतात आणि शेवटी मोकळ्या राहिलेल्या चौकटींत इतिहास बसवतात. या कागदावर इतिहासाविषयीचे वैर कोठेही नसते. असते ती केवळ भरावयाची चौकट.

२२/
अलीकडचे कायदेही याच वाटेने गेले. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) सहावी ते आठवीसाठी विषयांची अट घातली, हे पुढचे पाऊल खरे. पण गट तीनच: विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे, भाषा. २०१७ पासून महाराष्ट्रात शिक्षकभरतीसाठी जी चाचणी आली, तिचे नावच 'अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी'. ती उमेदवाराची तर्कशक्ती आणि कल पाहते. पानिपत किंवा प्रबोधनयुग यांविषयी त्याला काय माहीत आहे, हे ती विचारत नाही. वशिल्याला आळा घालणे हा तिचा हेतू होता आणि तो महत्त्वाचा होता. विषयज्ञानाची राखण मात्र तिच्याकडे सोपवलेलीच नव्हती.

२३/
पदवीतही गुंतागुंत आहे. 'इतिहास घेऊन बी.ए.' या शब्दांचा अर्थ दोन टोकांचा असू शकतो: कोणी इतिहास 'स्पेशल' घेऊन तीन वर्षे अनेक पत्रिकांतून शिकलेला असतो, कोणी तो 'जनरल' म्हणून एकेका पत्रिकेपुरता. बी.एड.ला विद्यार्थी बहुधा दोन अध्यापनपद्धती निवडतो. पहिली त्याच्या पदवीच्या विषयाची आणि दुसरी सोयीची. मराठीबरोबर इतिहास ही जोडी फार लोकप्रिय. त्या दुसऱ्या पद्धतीच्या बळावर पुढे तीस वर्षे इतिहास शिकवला जातो.

२४/
येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई कोणत्या इतिहास विभागातून आले होते? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या पदरी असताना राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांनी टिपणे काढली आणि त्यांतून 'रियासती' उभ्या राहिल्या. त्यांचे स्नेही जदुनाथ सरकार एम.ए. झाले ते इंग्रजीत. मग पदवी नसेल तर बिघडले कुठे?

२५/
याहून चांगले उदाहरण टिळकांचे. शिवछत्रपतींच्या जन्माचे वर्ष म्हणून १६२७ दीर्घकाळ सर्वत्र छापले जात होते. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्यातील शकावली १९१६ साली टिळकांनी भारत इतिहास संशोधक मंडळातून प्रकाशात आणली. तीत जन्मतिथी आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जिच्यामुळे हा वाद नव्याने उभा राहिला, ती शकावली जगापुढे ठेवणारा माणूस पदवीने गणिती होता.

२६/
मात्र या तिघांच्या मागे काय होते ते पाहावे. सरदेसायांच्या हाताशी बडोद्याचा ग्रंथसंग्रह होता आणि पुढे आयुष्यभराची सवड होती. सरकारांनी फारसी आत्मसात करून दशकानुदशके कागद चाळले. टिळकांना पंचांगाचे गणित येत होते आणि त्यांच्याभोवती संशोधकांचे मंडळ होते. पदवी त्यांनी नंतर भरून काढली, दामदुप्पट व्याजासह. जून महिन्यात वेळापत्रक हाती पडते आणि त्यात 'दहावी अ, इतिहास' असे लिहिलेले दिसते, त्या शिक्षकाला यांतले काय मिळते? पाठ्यपुस्तक, मार्गदर्शक आणि गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका.

२७/
आणि वर्गात प्रश्न तर येतातच. एखादी मुलगी उठते आणि म्हणते, "सर, आजोबांच्या जुन्या पुस्तकात महाराजांचा जन्म १६२७ चा आहे. मग आपण १६३० का लिहितो?" ज्याला जेधे शकावली ठाऊक आहे, त्याच्यासाठी हा वर्षातला सर्वांत सुंदर तास ठरतो. शकावली म्हणजे काय, शके आणि इसवी सन यांचा मेळ कसा घालतात, एका कागदाने मत बदलण्याआधी दुसरे कागद का तपासावे लागतात, हे सारे त्या एका प्रश्नातून शिकवता येते. ज्याला ती ठाऊक नाही, तो म्हणतो, "परीक्षेत १६३० लिही." दोन्ही उत्तरांना गुण सारखेच पडतात.

२८/
शिक्षक आणि विषय यांची जोडी जुळण्याचे महत्त्व येथे आहे. माहिती आता मोबाइलवर आहे, चित्रपटात आहे, फॉरवर्ड झालेल्या संदेशात आहे. मुलाला शाळेतून हवा असतो तो 'कशावरून?' हा प्रश्न आणि तो न रागावता ऐकून घेणारे मोठे माणूस. 'कशावरून?'ला सामोरे जाण्याचे बळ साधनांच्या ओळखीतून येते. ज्या शिक्षकाला ती ओळख कोणी करूनच दिली नाही, त्याला हा प्रश्न उद्धटपणा वाटू लागतो. यात त्याचाही तोटा होतो आणि मुलाचाही.

२९/
अनेक शिक्षकांनी ही उणीव स्वतः भरून काढली आहे, हेही नोंदवले पाहिजे. नोकरी सांभाळून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून इतिहासात एम.ए. करणारे, दिवाळीच्या सुटीत अभ्यासिकेत बसणारे, मुलांना घेऊन गावातली वीरगळ पाहायला जाणारे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. कोठारी आयोगाने व्यवस्थेकडे जे मागितले होते, ते या माणसांनी स्वतःच्या खिशातून आणि सुट्यांतून केले.

३०/
उपायही जुनेच आहेत. शेजारच्या काही शाळांनी मिळून शिक्षक आणि साधने वाटून घ्यावीत, ही 'शाळा संकुला'ची कल्पना कोठारी आयोगाची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा आली आहे. वरचा हिशोब तिला लावून पाहा. एका शाळेत इतिहासाच्या नऊ तासिका, तर तीन शाळांत सत्तावीस. म्हणजे एका पूर्णवेळ इतिहास शिक्षकाचे काम जवळजवळ भरले. अडचण अंतराची आहे, एसटीच्या वेळांची आहे, हजेरीपट कोणत्या शाळेत ठेवायचा याचीही आहे. पण गणित तरी सुटते.

३१/
दुसरा उपाय मोजण्याचा. यू-डायस या शालेय माहितीसंकलनात शिक्षकाने गणित, विज्ञान, इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रे कोणत्या पातळीपर्यंत शिकली, याची नोंद घेतात. ही चांगली सुरुवात आहे. परंतु येथेही इतिहास 'सामाजिक शास्त्रां'च्या पोटात आहे. भूगोलाच्या पदवीधराने इतिहास शिकवला तरी त्या रकान्यात सारे जुळलेलेच दिसणार. 'इतिहास' असा निराळा रकाना पडला, तर निदान कोणत्या तालुक्यात सुटीतील अभ्यासवर्ग आधी घ्यावा, हे कळेल.

३२/
१८६२ साली चार पदवीधर होते, तेव्हा विषय विचारणे ही चैन होती. आज इतिहासात एम.ए., बी.एड. झालेले तरुण-तरुणी भरतीची वाट पाहत वर्षे काढत आहेत आणि त्याच वेळी इतिहासाचा तास ज्याची चौकट मोकळी त्याच्याकडे जातो आहे. टंचाईच्या काळात जन्मलेली रीत टंचाई संपल्यावरही चालू राहिली, एवढाच या दीडशे वर्षांचा निष्कर्ष.

३३/
आपल्याला दहावीला इतिहास कोणी शिकवला आणि त्या शिक्षकांचा पदवीचा विषय कोणता होता, हे आठवत असल्यास प्रतिसादात लिहावे. शाळेचे वा शिक्षकाचे नाव नको. विषय आणि साल पुरे. आणि ते शिक्षक अजून गावात असतील, तर दिवाळीत भेटून त्यांना एकदा विचारावे, की रांके आणि फुको पहिल्यांदा समोर आले, त्या जून महिन्यात त्यांनी तो पाठ कसा शिकवला.

(धागा समाप्त)